साडेतीनची बाग

१

शुक्रवारी सकाळी राजेश्रीनं दुकानाचं शटर वर केलं, संगणक लावला, आणि पहिलंच पत्र वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पत्र हिरोशिमाहून आलं होतं, मोरिताबाईंचं. या बाई तिथं शहर दाखवण्याचं काम करतात. पन्नास माणसांचा घोळका मागं घेऊन झेंडी हलवत चालणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. एका दिवशी एकच कुटुंब, आणि त्या कुटुंबाला जे पाहायचं असेल तेच, त्याला हव्या त्या क्रमानं. संकेतस्थळावर ठिकाणांची चित्रं असतात. ती बोटानं वर-खाली सरकवून आपला दिवस आपणच मांडायचा. सोय चांगली होती, पण असल्या चांगल्या सोयीनंच राजेश्रीच्या डोक्याला ताप झाला होता.

"आदरणीय राजेश्री-सान," यंत्रानं केलेल्या मराठीतूनही बाईंचा सभ्यपणा निसटला नव्हता. "अकरा नोव्हेंबरच्या आपल्या आराखड्यात पाच वेळा बदल झाला आहे. बाग दोन वाजता असते, मग साडेतीनला जाते, मग पुन्हा दोनला येते. मी म्हातारी आहे, मला तयारी करावी लागते. उद्या शनिवारी पाच वाजेपर्यंत आराखडा कायम करावा. तो झाला नाही, किंवा नंतर एकही बदल झाला, तर मी मोठ्या खेदाने हा दिवस सोडून देईन."

सेलूच्या स्टेशन रोडवर राजेश्रीचं दुकान होतं. रेल्वेची तिकिटं, पासपोर्टचे अर्ज, वर्षातून दोनदा काशी-रामेश्वर. परदेशाची ही पहिलीच सहल. गिरणीतले तात्याराव, त्यांची बायको झुंबरबाई आणि बाईंचे चुलतभाऊ महारुद्र गुरुजी, असे तिघं दहा दिवस जपानला निघाले होते. नऊ दिवस मोठ्या गटाबरोबर, आणि हिरोशिमाचा एकच दिवस त्यांचा स्वतःचा. तोच हातचा गेला तर सेलूत तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. 'गुरुजींना अर्ध्या वाटेत सोडलं म्हणं' ही बातमी मोंढ्याच्या बाजारापर्यंत पोचायला चहाचा एक कप पुरला असता.

तिनं आराखडा उघडला. सकाळी भरतीच्या वेळी समुद्रात उभी असलेली तांबडी कमान, मग जेवण, दोनला शुक्केइएन नावाची जुनी बाग, साडेतीनला अणुबॉम्बचं संग्रहालय. असं तिनं दोनदा लावलं होतं. कुणीतरी तिसऱ्यांदा संग्रहालय दीडला ओढून बाग साडेतीनला नेऊन ठेवली होती. दुसरं काहीच हललेलं नव्हतं. तिला परत सरकवायचा मोह झाला, पण सहावा बदल आपल्याच हातून नको म्हणून तिनं हात मागं घेतला.

मग तिचं लक्ष पत्राच्या शेवटच्या ओळीकडं गेलं.

"आपण विचारल्याप्रमाणे पुन्हा कळवते, की बागेत उघडी ज्योत चालत नाही. बॅटरीवरचा दिवा चालेल."

राजेश्रीनं ज्योतीबद्दल कधी एक अक्षरही विचारलेलं नव्हतं.

२

तात्यारावांनी पस्तीस वर्षं जिनिंगमध्ये कापूस पारखला होता. चिमूटभर रुई दोन बोटांत ओढून ते गाडी कुठल्या शिवारातून आली ते सांगत. माणसं पारखतानाही ते तसंच करत, म्हणजे एकदा ओढून बघायचं आणि कायमची प्रत ठरवून टाकायची.

"कोण करायलाय हे?" राजेश्रीनं घरी येऊन सांगितलेलं सगळं ऐकून ते म्हणाले. "मला नावानिशी पायजे."

"तेच शोधायले, तात्या. साइटवर बदलाची नुसती वेळ दिसतीय, नाव न्हाई. सोमवारी सतरा बावन्न, बुधवारी अठरा चार, काल सतरा सत्तेचाळीस. म्हणजे सांजच्याला पावणेसहा-सहाचा सुमार. लिंक फक्त तुमच्या फोनवर पाठवली व्हती मी."

"आन् मी ती म्हारुद्राला धाडली, त्यानं घरच्या ग्रुपवर टाकली."

राजेश्रीनं कपाळाला हात लावला. घरच्या ग्रुपवर एकतीस माणसं होती. तिजोरीची किल्ली वेशीवर टांगून वर पाहुण्यांना निरोप धाडावा, तसलाच हा प्रकार होता. तिनं भराभर नावं काढून टाकली. बरेचसे पुण्या-मुंबईचे, सहलीचं नावही न घेतलेले. ज्यांना या दिवसाशी काही देणं-घेणं होतं असे चारच उरले. तात्याराव, झुंबरबाई, गुरुजी, आणि तात्यारावांची थोरली बहीण बायनाबाई, जिला सहलीला नेलं नव्हतं आणि जी हे कुणाला विसरू देत नव्हती.

"तुमाला काय हरकत हाय का तात्या, बाग शेवटी गेली तर? म्हणजे मी तसंच कायम करून टाकते. झंझट मिटली."

"मुळीच न्हाई. संग्रहालय शेवटीच पायजे. ते बघितल्यावर माणसाला फुलं-पानं बघू वाटतील का? एकदा सांगितलं का सांगितलं. तसंबी बागेत मी न्हाई जायचा. गुडघे धरलेत. मी बाहेर बाकड्यावर बसंल, म्हारुद्र दुकानं बघंल. ही येईल एकटी फिरून."

झुंबरबाई चहा घेऊन आल्या. ठेंगणी, कामसू बाई, नवऱ्यासमोर आवाज कधी वर न चढवलेली. चौथी शिकलेली. त्यांनी कप ठेवले, पदर सारखा केला आणि विचारलं, "बागेत किती वाजता जायचं ठरलं मंग?"

"दोनला, काकू. ठरलं तर."

त्यांनी मान हलवली आणि रिकामं ताट घेऊन आत गेल्या.

"काकूंकडं फोन हाय का?" राजेश्रीनं विचारलं.

"तिला कशाला फोन? घरात एकच हाय, माझा. आन् सांजच्याला पाच ते सात मी स्टेशनापर्यंत फिरून येतो, तवा तो माझ्या खिशात असतो."

राजेश्रीनं यादीतून दोन नावं खोडली. पावणेसहाला झुंबरबाईंच्या हातात फोनच नसतो, आणि तात्यारावांना तर संग्रहालयच शेवटी हवं होतं; त्यांच्यावर संशय घेऊन काय करणार. उरले गुरुजी आणि बायनाआत्या. दोघांच्याही हातातून फोन सुटत नव्हता, आणि दोघांचाही स्वभाव असा, की दुसऱ्यानं मांडलेला पाट सरकवल्याशिवाय त्यांना जेवण जात नव्हतं.

३

महारुद्र गुरुजी बोरीच्या शाळेत होते. रोज मोटारसायकलवर जाणं-येणं. साडेपाचला ते स्टेशनसमोरच्या हॉटेलात सापडले, हातात फोन, गालात तंबाखू.

"म्हणजे मी चोर?" ते म्हणाले. "राजेश्रीताई, पुढल्या सुट्टीत आमच्या शाळेतले आठ मास्तर मी तुमच्याकडून पाठवणार व्हतो. आता इचार करावा लागंल."

"चोर कोण म्हणालंय, गुरुजी? मी फक्त इचारायले. रोज या वेळेला तुमी हितं फोनवर असता."

"असतो. पर मी तर दुसरंच सांगत व्हतो तुमाला, बाग पार काढून टाका आन् बाजार घाला म्हणून. मी केलं असतं तर बाग दिसलीच नसती."

यात तथ्य होतं, आणि त्यामुळं राजेश्रीला जास्तच वैताग आला.

"बागेत काडी पेटवून चालंल का, असं कुणीतरी मोरिताबाईंना इचारलंय. तुमी बिडी ओढता का?"

गुरुजींनी गाल दाखवला. "तंबाखूला काडी लागत न्हाई, ताई. चुना लागतो." मग जरा विचार करून म्हणाले, "दिव्याचं म्हणाल तर झुंबराक्कानं इचारलं असंल कुणाकडून तरी. अकरा तारखेला भाऊबीज हाय ना. ओवाळायचं असतंय मला. पर ते आमचं सकाळीच ठरलंय, हॉटेलात, न्याहारीच्या आधी. मी तिला म्हनलो, ऊन व्हायच्या आत उरकून घे."

ज्योतीचं कोडं सुटलं असं वाटून राजेश्री उठली, आणि दहा पावलांवर थांबली. ओवाळणी हॉटेलात, सकाळी. मग बागेत ज्योत कशाला?

तिथून ती बायनाबाईंकडं गेली. बाईंनी सरळ उत्तर देण्याऐवजी तक्रारींचं गाठोडंच सोडलं. फोनवर रोज सकाळी साठ जणांना फुलं पाठवणारी ही म्हातारी, पण जपानच्या लिंकला तिनं हात लावला नाही म्हणे. "मला नेलं न्हाई, मंग मी कामून बघू? बघितलं का जीव जळतो." दिव्याबद्दल विचारल्यावर ती म्हणाली, "मेलेल्यांसाठी दिवा लावायचा तर नदीकाठी लावीन. बागेत कोण लावतंय?"

"मी आपलं इचारलं, आत्या. काकूंना भाऊबीज करायची असंल म्हणून."

"भाऊबीज," बायनाबाई नाक मुरडून म्हणाल्या. "म्हारुद्राला ओवाळती ती. सख्खा हाय की जित्ता, राणीसावरगावात. सुग्रीव."

हे नाव राजेश्रीनं कधी ऐकलं नव्हतं. बायनाबाईंना सांगायचंच होतं, त्यामुळं फार खोदावं लागलं नाही. बारा वर्षांपूर्वी तात्यारावांच्या मुलीचं, सविताचं लग्न झालं. नवरीला बोहल्यावर मामानं आणायचं असतं. सुग्रीव ऊसतोडीला जाणारा माणूस, हातापायाला भेगा पडलेल्या. समोरचे व्याही परभणीचे बडे व्यापारी. तात्यारावांनी ऐन वेळी सुग्रीवला बाजूला केलं आणि मामा म्हणून महारुद्र गुरुजींना उभं केलं.

"भरल्या मांडवातून उठून गेला बगा तो, भाकरतुकडा न खाता. तात्या म्हनला, त्याचं नाव ह्या घरात निघायचं न्हाई. ती बी गप ऱ्हायली. माझ्याच भावाचं चुकलं, पर मी कशाला बोलू? आन् आता दसरा झाला का टोळी जाती. दिवाळी तिकडंच, उसाच्या फडात."

राजेश्री घरी आली ती डोकं धरूनच. हातात एक गोष्ट आली होती, पण तिचा कशाशी मेळ बसत नव्हता. झुंबरबाईंकडं कारण होतं, फोन नव्हता. बाकीच्या दोघांकडं फोन होता, कारण नव्हतं. या भानगडीत एक दिवस सरला आणि एकच उरला.

४

शनिवारी बाराच्या सुमारास दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आपलं काय चुकतंय ते पाहावं म्हणून राजेश्रीनं बदलांची नोंद पुन्हा उघडली. चोराच्या तीन वेळा तिला आता पाठ झाल्या होत्या. या खेपेला नजर मधल्या दोन नोंदींवर पडली. त्या तिच्या स्वतःच्या होत्या, म्हणून तिनं त्या आजवर वाचल्याच नव्हत्या.

मंगळवार, पंधरा शून्य शून्य.

म्हणजे दुपारी तीन. पण मंगळवारी तीनला ती सेलूत नव्हतीच. परभणीला पासपोर्टच्या कामासाठी रांगेत उभी होती. बाग परत दोनला सरकवली ती सकाळी. तिला चांगलं आठवत होतं, त्याच वेळी साडेअकराची गाडी फलाटावर आली होती आणि एक बाई 'माझं वेटिंग बघा' म्हणून काउंटरवर हात आपटत होती.

साडेअकरा आणि तीन. मध्ये साडेतीन तास.

"अगं मूर्खे," राजेश्री स्वतःशीच म्हणाली.

जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढं. नोंद तिथल्या वेळेची होती. ज्या बाईनं तिघांच्या विमानांच्या वेळा तीनदा जुळवून पाहिल्या, तिला वैतागाच्या भरात एवढं सुचलं नव्हतं. तिनं कागद ओढला. सतरा बावन्नमधून साडेतीन तास गेले, उरले दोन बावीस. अठरा चारचे दोन चौतीस. सतरा सत्तेचाळीसचे दोन सतरा. सगळे बदल भर दुपारचे.

आता चौघं पुन्हा नव्यानं मांडायला हवे होते. दुपारी सव्वादोनला गुरुजी बोरीत वर्गावर, आणि तिथं मास्तरांचे फोन हेडमास्तरांच्या कपाटात असतात हे अख्ख्या तालुक्याला माहीत. बायनाबाई त्या वेळी देवळात पोथीला, तीही सगळ्या बायकांसमक्ष. तात्याराव? जेवून दोन तास आडवे. आणि तात्याराव झोपले की त्यांचा फोन कुठं असतो?

आणि बागेची वेळ? जपानचे साडेतीन म्हणजे इथले बरोबर बारा. कुणीतरी तीनदा हट्टानं बाग तिथंच नेऊन ठेवत होतं. सहलीचं सोयीचं म्हणून नव्हे, इथं बाराला कुणीतरी मोकळं होतं म्हणून. दिवा गुरुजींसाठी नव्हता. गुरुजी तर बागेत येणारच नव्हते. तात्याराव बाहेर बाकड्यावर. दहा दिवसांत झुंबरबाई एकट्या असणार होत्या त्या फक्त त्या बागेत.

राजेश्रीनं समाधानानं खुर्चीला पाठ टेकली आणि पुढच्या क्षणाला ताडकन उठली. मोरिताबाईंनी मुदत दिली होती शनिवारी पाचची. त्यांच्या पाचची.

म्हणजे सेलूचा दीड. भिंतीवर बारा पस्तीस झाले होते.

५

पुढच्या खोलीत तात्याराव आणि शनिवारची सकाळची शाळा उरकून आलेले गुरुजी पान जमवत बसले होते. "काकूंकडून कागदावर सही पायजे," असं सांगून राजेश्री थेट स्वयंपाकघरात शिरली. ओट्याजवळच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, फोन चार्जिंगला लावलेला होता.

झुंबरबाई भाकरी थापत होत्या.

"काकू," राजेश्री हलक्या आवाजात म्हणाली, "दुपारी तात्या झोपल्यावर बाग तुमी सरकवता."

बाईंचे हात थांबले नाहीत. भाकर तव्यावर पडली, पाणी फिरलं, मगच त्या बोलल्या.

"चित्रंच तर हायेत. बोटानं वर न्यायचं, खाली आणायचं. भातुकलीसारखं. आन् तिथं माइकचं चित्र हाय, त्यात बोललं का त्या बाईला कळतंय. तिनं लय चांगलं उत्तर दिलं मला."

"तिनं मला बी उत्तर दिलंय. दिवस सोडून देते म्हणाली." राजेश्रीचा आवाज चढला, तो तिनं मुश्किलीनं खाली आणला. "मला एक शब्द सांगायचा ना, काकू. मी आठ दिवस येड्यासारखी ते परत लावायले, तुमी परत काढायलाव. पाचातले दोन बदल तर माझेच हायेत."

"तुला कसं सांगू? तू त्यांना सांगितलं असतंस."

हे खरं होतं. गिऱ्हाईक तात्याराव होते.

"सुग्रीवसाठी ना?"

बारा वर्षांत या घरात ते नाव पहिल्यांदा निघालं असावं. झुंबरबाईंनी आधी दाराकडं पाहिलं, मग राजेश्रीकडं.

"त्याची टोळी कराडकडं हाय. पहाटं चारला फडात जातात. बाराला भाकरीला बसतात, मंग गाडी भरायला उठतात. त्याच्या मुकादमाचा नंबर बाजारात एका बाईकडून घेतला मी. सुग्रीवला निरोप गेलाय, भाऊबीजेला बाराला फोनपाशी बस म्हणून. सांज झाली का गाडी कारखान्याला, त्याचा काय भरवसा न्हाई."

"पर जपानातून कामून, काकू? हितून बोलायचं ना. रोज दुपारी फोन तुमच्या हातात हाय."

"बोलायचं असतं तर बोलले असते." त्यांनी भाकर उलटली. "मला ओवाळायचं हाय. हितं भाऊबीजेला वन्सं येतात, घर भरलेलं असतंय, आन् मी म्हारुद्राला ओवाळती. बारा वर्सं झाली. ताट धरलं का मला तो मांडवातून जायलेला दिसतो. मी तवा उठले न्हाई. एक शबूद बोलले न्हाई. पोरीचं लगीन व्हतं ना." त्यांचे डोळे कोरडेच होते. "तिथं कुणी वळखीचं न्हाई. त्या बागेत अर्धा तास मला कुणी काय इचारणार न्हाई, आन् ती बाई तिच्या फोनातून मला तो दाखवणार हाय. दोनला न्यायची असंल तर ने बाई. दोनला हितं साडेधा वाजलेले असतात. तवा तो फडात असंल, कामात."

पुढच्या खोलीतून तात्यारावांचा आवाज आला. "राजेश्री, सही झाली का? आन् चोर सापडला का न्हाई?"

फोनवर एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

६

तात्यारावांसमोर उभी राहिली तेव्हा राजेश्रीच्या मनात दोन वाक्यं तयार होती. एक खरं होतं. त्यात तिची मान ताठ राहत होती, दुकानाचं नाव राहत होतं, पुढल्या सुट्टीतले आठ मास्तरही राहत होते. तिला राग होता सगळ्यांचाच. नवऱ्याचा, भावाच्या जागी फुकट उभं राहून ओवाळणी घेणाऱ्या गुरुजींचा, आणि गप बसून आठ दिवस आपला घाम काढणाऱ्या त्या बाईचाही. खरं बोलून टाकलं असतं तर सगळा राग एका दमात मोकळा झाला असता.

"सापडला," ती म्हणाली. "मीच."

गुरुजींच्या हातातला अडकित्ता थांबला.

"माझ्याच संगणकात घोळ झाला, तात्या. मी एक लावायचे, ते दुसरंच जायचं. आन् संग्रहालयाची साडेतीनची वेळ आता मिळत न्हाई. दीडची हाय. म्हणून बाग शेवटी घ्यावी लागंल."

यातलं एकही अक्षर खरं नव्हतं.

तात्यारावांनी तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. रुई ओढून बघावी तसं. "म्हणजे दोन दिवस आमच्या घरात तू चोर हुडकायलीस, माझ्या बहिणीला जाऊन इचारलंस, म्हारुद्राला हॉटेलात अडवलंस, आन् चूक तुझी?"

"व्हय."

"तुझा बाप असा नव्हता, राजेश्री. हे काम तुला झेपायचं न्हाई. कर, काय करायचं ते. यापुढं आमी परभणीहून बघू."

"मास्तरांचं बी परभणीहूनच," गुरुजींनी जोडून दिलं.

राजेश्रीनं त्यांच्यासमोरच आपला फोन काढला. बाग साडेतीनला होतीच. तिनं फक्त कायम करायचं बटण दाबलं. एक वाजून एकवीस मिनिटं. आतल्या खोलीत भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला होता. कुणी आभार मानायला बाहेर आलं नाही, आणि येणं शक्यही नव्हतं. उन्हातून दुकानाकडं परत जाताना राजेश्रीला रडू आलं, तेही संतापानंच.

७

सहल झाली. दिवाळी झाली. सेलूत जी बातमी पोचायची ती मोंढ्यापर्यंत पोचली, आणि दोन कुटुंबांनी उटीची तिकिटं परत केली. महिना संपायला आला तेव्हा एका सकाळी तात्याराव दुकानात आले. एकटेच.

राजेश्रीनं त्यांच्यासाठी महिनाभर वाक्यं घोटून ठेवली होती. तात्याराव खुर्चीवर बसले आणि बराच वेळ काउंटरच्या काचेखालचा गाड्यांचा तक्ता वाचत राहिले.

"बाकड्यावर गार वारं लागायलं," ते मध्येच म्हणाले. "म्हणून आत गेलो, तिला लवकर चल म्हणायला. तळं हाय बग तिथं. तळ्याच्या त्या बाजूला ती जपानी बाई फोन धरून उभी, आन् ही हातात दिवा घेऊन ओवाळायली. बॅटरीचा, खोटा. मी झाडाआड थांबलो. फोनातला आवाज वळखला मी."

राजेश्रीनं समोरची वही मिटली.

"जवळ गेलो जरा. त्याच्या डोक्याला टोपी न्हवती, म्हणून त्यानं टॉवेल टाकला. हातात कोयता व्हता, फडातून तसाच आलेला. हिनं दिवा वर केला, तसा त्यानं तो कोयता पाठीमागं लपवला. मला बघून न्हवं. मी दिसतच न्हवतो त्याला. सख्ख्या बहिणीपासून लपवला. मी मांडवात जे बोललो व्हतो त्याला, त्या कोयत्यावरूनच बोललो व्हतो."

"मंग तुमी काय केलंत?"

"काय करणार. बाहेर येऊन बाकड्यावर बसलो. ती आली, म्हनली बाग चांगली व्हती. मी म्हनलो, व्हय. तिला अजून माहीत न्हाई." मग त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, आणि कामाचं बोलायला लागले. "कराडचं तिकीट काढ. बस, रेल्वे, जे नीट पडंल ते."

"दोघांचं?"

"तिचं एकटीचं. मला त्याच्यापुढं उभं ऱ्हायला तोंड न्हाई."

लग्नाला चाळीस वर्षं झालेली ती बाई एकटी कधी परभणीलाही गेलेली नव्हती, हे राजेश्रीला माहीत होतं.

"परतीचं कधीचं काढू?"

"ते तिला इचार. कधी जायचं, किती दिवस ऱ्हायचं, तिथं काय बघायचं, सगळं तिच्या मनानं मांड. मी मधी पडायचा न्हाई. फोन आता घरीच असतो, तिच्यापाशी. लाव तिला."

महिनाभर घोटलेल्या वाक्यांपैकी एकही राजेश्रीच्या तोंडातून निघालं नाही. तिनं फोन लावला.

"काकू, मी राजेश्री. कधी निघायचं म्हणता?"

"कुठं गं?" झुंबरबाईंनी विचारलं.

राजेश्रीनं फोन तात्यारावांच्या हातात दिला. "हे मी न्हाई सांगायची," ती म्हणाली. "तुमी सांगा." आणि त्यांना बोलता यावं म्हणून ती उठून बाहेर, शटरपाशी जाऊन उभी राहिली.